भिंगाचं नाभीय अंतर २१.१ आलं, वहीत मात्र २० लिहायला लावलं

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न लेकीच्या प्रयोगवहीचा आहे, पण दोन दिवस झाले, माझ्याच डोक्यातून जात नाहीये.

लेक दहावीला. आम्ही हर्णैजवळ राहतो. परवा तिच्या शाळेत बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर काढायचा प्रयोग झाला. भिंगाच्या पुडीवर २० सेंमी छापलेलं होतं. हिने खिडकीबाहेरच्या माडाची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर घेतली. छान स्पष्ट आली म्हणे, उलटा माड, झावळ्या खाली आणि खोड वर. मग भिंगापासून पुठ्ठ्यापर्यंतचं अंतर पट्टीने मोजलं. एकदा नाही, तीनदा. २१.१, २१.० आणि २१.२. सरासरी २१.१.

वही दाखवली तर सर म्हणाले, "उत्तर २० येतं, खोडून २० कर." हिने केलं. घरी आली ती गप्पच. रात्री ताटावर बसल्यावर एवढंच म्हणाली, "आई, मी तीनदा मोजलं होतं. मग हातात पट्टी देतात कशाला?"

मी बारावीपर्यंत विज्ञान घेतलं होतं, आता फारसं आठवत नाही. तिचं चुकलं तरी कुठे, हे कुणी समजावून सांगाल का? आणि पुढे प्रात्यक्षिक परीक्षा आहे, तिथे तिने दिसेल ते लिहावं की २० लिहावं?

काजूगर

पट्टी तपासा आधी. शाळेतल्या लाकडी मीटरपट्ट्यांची टोकं घासून घासून गोल झालेली असतात. शून्याची खूणच गेलेली असते, म्हणजे मोजमाप आपोआप जास्त येतं. आम्हाला शाळेत एका बाईंनी सवय लावली होती: टोकापासून मोजायचंच नाही. १० च्या खुणेवर भिंग धरायचं आणि शेवटी १० वजा करायचे.

शेवटचा बाक

काजूगर, पट्टी दोन-तीन मिलीमीटर झिजेल. सव्वा सेंमीच्या जवळपास फरक यायला ती उंदराने खाल्लेली हवी. मला वाटतं भिंगच २१ चं असावं. पुडीवरच्या आकड्यावर एवढा विश्वास कशाला?

लाल माती

खाडीकाठ ताई, एकच विचारतो. माड खिडकीपासून किती लांब होता?

खाडीकाठ

लांब कसला, खिडकीला लागूनच वाडी आहे. कुंपण आणि पलीकडे पहिलाच माड. बारा-पंधरा फूट असेल. का हो?

लाल माती

मग तुमच्या लेकीचं काही चुकलेलं नाही. उलट तिने इतकं नीट मोजलंय की त्या मोजमापातून माडाचं अंतर काढता येतं.

हे असं आहे बघा. या पद्धतीचं नावच 'दूरच्या वस्तूची पद्धत'. वस्तू खूप दूर असली की तिच्याकडून येणारे किरण भिंगापर्यंत पोचेतो जवळपास समांतर झालेले असतात. समांतर किरण भिंगातून गेले की नाभीपाशी एकत्र येतात. म्हणून प्रतिमेचं अंतर हेच नाभीय अंतर, असं आपण धरून चालतो. ते खरं असतं वस्तू दूर असेल तरच. जवळच्या वस्तूचे किरण थोडे फाकलेले असतात, भिंगाला ते आत वळवायला जास्त जागा लागते आणि प्रतिमा नाभीच्या पलीकडे पडते.

किती पलीकडे? भिंग २० सेंमीचं धरा.

वस्तू २ मीटरवर: प्रतिमा २२.२ सेंमीवर.
४ मीटरवर: २१.०५.
१० मीटरवर: २०.४.
१०० मीटरवर: २०.०४.

१०० मीटरला फरक अर्ध्या मिलीमीटरच्या आत आला, पट्टीवर तो दिसणारच नाही. १२-१५ फूट म्हणजे साधारण ४ मीटर. तुमच्या लेकीला २१.१ आलं. आणखी काय हवं?

ताई, माड काही चालत लांब जाणार नाही, पोरीलाच भिंग घेऊन लांब जायला सांगा. तुम्ही तर हर्णैला राहता. बंदरावर उभं राहिलं की समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. त्याच्या तटाची प्रतिमा पुठ्ठ्यावर घ्या आणि मोजा. त्याच दिवशी माडाचं अंतरही टेपने मोजा, खिडकीपासून नव्हे, भिंग जिथे धरलं होतं तिथपासून.

मालवणी बाणा

तुमच्या चेडवाचा बरोबर आसा. तिका सांगा, घाबरू नको.

फळ्यावरचा खडू

मी २२ वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतोय, रत्नागिरी जिल्ह्यातच. लाल माती यांनी दिलेलं गणित अचूक आहे. मुलीचं कौतुक करा, मनापासून सांगतो.

पण त्या सरांच्या बाजूनेही थोडं बोलतो. एका वर्गात साठ मुलं, धड भिंगं चार-पाच, तास ३५ मिनिटांचा. त्यात हजेरी, गट पाडणं, स्टँड वाटणं यात दहा मिनिटं जातात. प्रत्येकाच्या वहीत वेगळा आकडा आला तर प्रत्येकाचं कारण शोधायला वेळ कुठून आणायचा? मग '२० लिही' तोंडून निघून जातं. माझ्याही निघालेलं आहे आणि ते चूकच आहे, हे मी लपवत नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. भिंगाच्या पुडीवरचा आकडा मुलांना दिसूच देत नाही. पुड्या काढून भिंगांच्या कडेला नेलपॉलिशचे ठिपके लावलेत: लाल, निळा, हिरवा. कोणत्या रंगाचं किती, ते माझ्या वहीत. उत्तर आधी माहीत नसलं की मुलं खरंच मोजतात. आणि खिडकीबाहेरची वस्तू घ्यायची तर मैदानापलीकडची पाण्याची टाकी, जवळचं झाड नाही, हे आधी फळ्यावर लिहितो.

ताई, सरांशी भांडायला जाऊ नका. माडाचं मोजमाप घेऊन जा.

पागोळी

फळ्यावरचा खडू, तुमच्याबद्दल आदर आहे, पण 'वेळ नाही' हे मला पटत नाही. खोडायला लावायला जेवढा वेळ लागतो तेवढ्याच वेळात 'माड किती लांब होता?' हेही विचारून होतं. लाल माती यांनी इथे तेवढंच तर विचारलं.

मी हे तळमळीने बोलतेय, कारण मी त्याच खोडलेल्या वहीतून बाहेर पडलेली मुलगी आहे. कॉलेजात आम्ही सगळ्या मुली उत्तरापासून उलटं गणित करून वाचनं भरायचो. यू-व्हीच्या तक्त्यात यू, म्हणजे भिंगापासून वस्तूचं अंतर, लिहायचा, नाभीय अंतर ठरलेलंच, व्ही, म्हणजे प्रतिमेचं अंतर, गणिताने काढायचा आणि खरं वाटावं म्हणून दशांशात १-२ ने इकडे तिकडे करायचा. आलेख अगदी सुरेख यायचा, गुण पूर्ण. भिंगाकडे मात्र कुणी बघितलेलंच नसायचं.

मग नोकरी लागली पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. पहिल्याच महिन्यात एका विहिरीच्या पाण्याचं क्लोराइड अपेक्षेपेक्षा खूप जास्त आलं. माझा हात सवयीने आकडा 'दुरुस्त' करायला गेला. वरिष्ठ बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी पेन धरलं आणि म्हणाल्या, "आलंय ते लिही, मग का आलं ते शोधू." पुन्हा तपासलं, तेवढंच. विहीर खाडीजवळची होती, उन्हाळ्यात खारं पाणी आत शिरलं होतं. मी आकडा बदलला असता तर त्या वाडीतली माणसं तेच पाणी पीत राहिली असती.

ताई, लेकीला सांगा, तिचा प्रश्न अगदी योग्य आहे.

फळ्यावरचा खडू

पागोळी, पटलं. तुमची विहिरीची गोष्ट उद्या वर्गात सांगतो, परवानगी धरून चालतो.

पागोळी

अवश्य सांगा.

चष्म्याची काच

माझं चष्म्याचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमच्याकडे सेंमीत कुणी बोलत नाही, नंबरात बोलतात. नंबर म्हणजेच भिंगाची शक्ती, डायॉप्टर. १ मीटरला नाभीय अंतराने भागायचं. २० सेंमीचं भिंग म्हणजे +५. वाचायचा +२ चा चष्मा म्हणजे ५० सेंमी, +२.५० म्हणजे ४० सेंमी. त्यामुळे शाळेत भिंगं कमी असतील तर आजोबांचा वाचायचा चष्मा घ्या, हाच प्रयोग होतो. फक्त पुठ्ठा जरा लांब धरावा लागेल.

एक काळजी घ्या. त्या चष्म्यात सिलिंडरचा नंबर नको. सिलिंडर असला की एका दिशेचे किरण एका अंतरावर जुळतात, आडव्या दिशेचे दुसऱ्या अंतरावर. खिडकीचे उभे गज स्पष्ट दिसतील तेव्हा आडवे पुसट आणि आडवे स्पष्ट केले की उभे पुसट. मुलं बिचारी गोंधळून जातील. तयार मिळणारे वाचायचे चष्मे साधे गोल नंबरचे असतात, ते चालतील.

आणि यंत्र नसताना आम्ही नंबर कसा काढायचो ते सांगतो, मुलांना आवडेल. भिंग डोळ्यासमोर धरून समोरच्या दाराच्या चौकटीकडे बघायचं आणि भिंग हळूच डावी-उजवीकडे हलवायचं. प्लसची काच असेल तर चौकट भिंगाच्या उलट दिशेला सरकताना दिसते, मायनसची असेल तर भिंगाबरोबर सरकते. मग पेटीतली उलट नंबरची काच त्याला चिकटवून परत हलवायचं. चौकट हलायची थांबली की दोघांचे नंबर सारखे. वडील दारात उभं राहून अर्ध्या मिनिटात नंबर सांगायचे.

शेवटचा बाक

हे भारी आहे! आत्ताच आईच्या चष्म्यावर करून बघितलं. दाराची चौकट खरंच उलटी सरकते.

आंबेमोहोर

पावसाळ्यानंतर शाळेतली भिंगं एकदा उजेडात धरून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी चढते, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. कॅमेऱ्याच्या लेन्सचं तर प्रत्येक कोकणी फोटोग्राफरला हे दुखणं. कापडात गुंडाळून कपाटात ठेवू नका, कापड ओल धरतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

दर्यासारंग

हर्णैचं नाव निघालं म्हणून लिहितो. कनकदुर्गावरचं दीपगृह म्हणजे याच प्रयोगाची उलटी बाजू. तुम्ही दूरचा प्रकाश नाभीवर गोळा करता, दीपगृहात दिवाच नाभीवर ठेवतात, म्हणजे प्रकाश समांतर होऊन समुद्रात लांब जातो. दिवा नाभीपासून हलला की झोत फाकतो.

एवढं मोठं भिंग सरळ काचेचं केलं तर फार जाड आणि जड होईल. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल यांनी मधली निरुपयोगी काच काढून टाकली आणि भिंगाचा वक्र पृष्ठभाग गोल गोल पायऱ्यांमध्ये बसवला. १८२३ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॉर्दुआं दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. त्यातल्या पहिल्या श्रेणीच्या भिंगाचं नाभीय अंतर ९२० मिमी. वडील मच्छीमारी बोटीवर होते. रात्री परतताना दिव्याच्या झोतांमधली सेकंदं मोजून दीपगृह कोणतं ते सांगायचे, कारण प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी ठेवलेली असते.

सोलकढी

भिंगांचा विषय आणि कोकण, तरी अजून माशाचं नाव कुणी काढलं नाही!

कालवणातल्या माशाच्या डोळ्यात पांढरा टणक गोळा असतो ना, लहानपणी आम्ही भावंडं तो ताटात घरंगळवायचो. तेच माशाचं भिंग. शिजल्यावर पांढरं होतं, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर होतो तसंच. कच्चं असताना ते पाण्याच्या थेंबासारखं पारदर्शक असतं. आई मोठ्या माशाचं डोकं साफ करत असेल तेव्हा एक मागून घ्या, धुवा आणि वर्तमानपत्रावर ठेवा. खालचं अक्षर टरारून मोठं दिसतं. माझ्या मुलाने गेल्या रविवारी केलं, हरभऱ्याएवढं भिंग आणि त्यात 'हवामान' मधला 'ह' अख्खा मावला.

आपल्या डोळ्यातलं भिंग चपटं, माशाचं मात्र पूर्ण गोल. कारण आपल्या डोळ्यात बरंचसं काम पुढचं पारपटल, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, करतं. पाण्यात त्याचा उपयोग राहत नाही, बाहेरही पाणी आणि आतही पाण्यासारखंच. सगळा भार एकट्या भिंगावर, म्हणून ते चेंडूसारखं. त्याचं नाभीय अंतर त्याच्या त्रिज्येच्या साधारण अडीच पट असतं.

लाल माती

सोलकढी, फार सुंदर उदाहरण दिलंत. याच कारणाने काचेचं भिंग पाण्यात धरलं की त्याची ताकद घटते. साध्या काचेचं २० सेंमीचं भिंग बादलीभर पाण्यात जवळजवळ चौपट, म्हणजे पाऊण मीटरच्या पुढचं होतं. काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकातला (प्रकाश किती वळतो ते ठरवणाऱ्या आकड्यातला) फरक काच आणि हवा यांच्यातल्या फरकापेक्षा खूप कमी, म्हणून किरण कमी वळतात.

काजूगर

भिंगांवरून आठवलं, आपल्या विजयदुर्गावर तर १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने दुर्बीण लावून हेलियम शोधला. 'साहेबाचे कट्टे' अजून दाखवतात. सहलीला गेलात तर मुलांना नक्की दाखवा.

लाल माती

काजूगर, कट्टे नक्की दाखवा, पण साल सरळ करून घेऊ. यात दोन ग्रहणांची सरमिसळ झालीय.

१८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आंध्रातल्या गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा भारतात नव्हतेच. त्यांनी त्याच वर्षी २० ऑक्टोबरला इंग्लंडमधून, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा वर्णपट बघितला आणि त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे नव्या मूलद्रव्याची कल्पना आली. विजयदुर्गावर ते आले ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला, कॅमेरे आणि वर्णपटाची उपकरणं घेऊन. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या किल्ल्यावर भिंगं जुळवत उभा होता, हे काय कमी आहे? त्यासाठी हेलियमचा शोध तिथे आणायची गरज नाही.

काजूगर

हे माहीत नव्हतं. आमच्या गावात सगळे १८६८ च सांगतात. पुढच्या वेळी नीट सांगेन.

शेवटचा बाक

मूळ प्रश्नाकडे येतो. अंतर भिंगाच्या कुठल्या भागापासून मोजायचं? पुढच्या पृष्ठभागापासून की मागच्या? जाड भिंग असेल तर तिथेच पाच-सहा मिलीमीटरचा घोळ.

लाल माती

प्रकाशीय केंद्रापासून, म्हणजे साध्या सारख्या फुगीर भिंगात जाडीच्या मध्यापासून. पण हा प्रश्नच निकालात काढणारी एक पद्धत आहे, जर्मन शास्त्रज्ञ बेसेल यांच्या नावाची. तिच्यात भिंगाचं केंद्र माहीत असण्याची गरजच नाही.

दिवा आणि पडदा पक्के ठेवायचे, समजा ९० सेंमीवर. मधे भिंग सरकवायचं. ते दिव्यापासून ३० सेंमीवर आलं की पडद्यावर दुप्पट मोठी प्रतिमा उमटते. आणखी सरकवत ६० वर आणलं की परत प्रतिमा, आता निम्म्या आकाराची. भिंग किती सरकलं? ३०. आता ९० चा वर्ग ८१००, ३० चा वर्ग ९००, वजाबाकी ७२००. भागिले चार गुणिले ९०, म्हणजे ३६०. उत्तर २०. भिंगाच्या स्टँडचा कुठलाही एकच कोपरा दोन्ही वेळा वाचला तरी चालतं, कारण आपल्याला फक्त सरकणं मोजायचंय.

एकच अट: दिवा-पडदा अंतर नाभीय अंतराच्या चौपटीपेक्षा जास्त हवं. २० च्या भिंगाला ८० पेक्षा कमी ठेवलंत तर भिंग कितीही सरकवा, पडद्यावर स्पष्ट काही येणार नाही. दरवर्षी एक तरी गट यात अडकतो आणि भिंगाला दोष देतो.

फळ्यावरचा खडू

याला पुस्ती जोडतो. आपल्याकडे मेणबत्ती घेऊ नका. समुद्राचा वारा, खिडक्या बंद केल्या तरी ज्योत फडफडते आणि प्रतिमाही नाचते. छोट्या टॉर्चच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिक लावा आणि मार्करने त्यावर 'फ' काढा. प्रतिमा उलटी तर दिसतेच, डावं-उजवंही बदललेलं कळतं. ज्योतीवरून ते कळत नाही.

आणि गणित करताना चिन्हं विसरू नका. वस्तू डावीकडे म्हणून यू ऋण. यू = −३०, व्ही = +६०. १/एफ = १/व्ही − १/यू, म्हणजे १/६० + १/३० = ३/६०, एफ = २०. अर्धी मुलं ऋण चिन्ह विसरतात आणि उत्तर −६० आणतात, तेही बहिर्वक्र भिंगाचं!

आंबेमोहोर

सूर्य वापरला तर? सर्वांत दूरची वस्तू तीच.

फळ्यावरचा खडू

प्रतिमा कागदावर घेता येते, पण भिंगातून सूर्याकडे कधीही, एक क्षणही बघायचं नाही. डोळा कायमचा जातो. मी वर्गात सूर्य वापरत नाही. स्वतः करून दाखवतो, तेही बाहेर, मुलांना भिंगाच्या मागे ठेवून.

दाखवताना एक गोष्ट मुद्दाम मोजायला लावतो. सूर्याचा ठिपका बिंदू नसतो, छोटी चकती असते. सूर्याचं अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे, म्हणून चकतीचा व्यास नाभीय अंतराच्या १०७ व्या भागाइतका. २० सेंमीच्या भिंगाला ती २ मिलीमीटरपेक्षा जराशी लहान. कागद जळायच्या आत बाजूला घ्यायचा.

शेवटचा बाक

आणखी एक शंका. पुठ्ठा पुढे-मागे केला तरी दोन-तीन मिलीमीटरच्या पट्ट्यात प्रतिमा सारखीच स्पष्ट वाटते. त्यातली नेमकी जागा कुठली?

चष्म्याची काच

स्पष्टपणा जिथे संपतो त्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि मधली जागा घ्या. ५ सेंमी रुंदीचं, २० सेंमी नाभीय अंतराचं भिंग असेल तर पुठ्ठा २ मिलीमीटर हलल्यावर बिंदूचा अर्ध्या मिलीमीटरचा ठिपका होतो. डोळ्याला तेवढं जेमतेम कळतं. काही जण भिंगावर भोक पाडलेला काळा कागद लावतात. त्याने कडेचे बिघडलेले किरण अडतात आणि प्रतिमा रेखीव होते, पण मग ती बरीच पुढे-मागेही रेखीवच दिसते आणि जागा ठरवणं उलट अवघड होतं. म्हणून भोक फार लहान नको.

खाडीकाठ

मंडळी, चार दिवस आले नाही, मोजत होतो आम्ही.

शनिवारी गवंड्याची टेप घेऊन माडाचं अंतर मोजलं. लेकीने ज्या बाकावर भिंग धरलं होतं तिथपासून खोडापर्यंत ४ मीटर १० सेंमी. संध्याकाळी बंदरावर गेलो. वारा इतका की पुठ्ठा धरवेना, शेवटी माशांच्या दोन टोपल्यांच्या आडोशाला बसलो. सुवर्णदुर्गाचा तट नखाएवढा, उलटा, पुठ्ठ्यावर. मधून एक होडीही उलटी गेली, तेव्हा आजूबाजूची चार पोरं बघायला वाकली. वाचनं: २०.०, २०.१, २०.१.

रात्री तिने सूत्रात २०.१ आणि ४१० घातलं. व्ही आला २१.१. वही माझ्यासमोर धरली आणि काहीच बोलली नाही, नुसती बघत राहिली माझ्याकडे.

सोमवारी ती एकटीच सरांकडे गेली, मी गेले नाही. सरांनी सगळं वाचलं, टेपचं मोजमाप दोनदा विचारलं. मग म्हणाले, "खोडलेलं परत लिही. शेजारी माडाचं अंतर लिही आणि खाली बंदरावरचं वाचन." वहीत आता तिन्ही आहेत, सही पण आहे.

पण आता तिचा नवा प्रश्न आलाय. बंदरावर दिवे लागल्यावर तिने एका दिव्याची प्रतिमा घेतली. पुठ्ठा जरा जवळ आणला की ठिपक्याच्या कडेला तांबूस रंग दिसतो, जरा लांब नेला की निळसर. दिवा तर पांढरा होता. हे का?

लाल माती

वा! तिने हे स्वतः टिपलं?

काच निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वळवते. म्हणून एकाच भिंगाची नाभी प्रत्येक रंगाला वेगळी, निळ्याची जवळ, तांबड्याची लांब. २० सेंमीच्या साध्या काचेच्या भिंगात हा फरक सुमारे ३ मिलीमीटरचा. पुठ्ठा जवळ असताना तांबडे किरण अजून गोळा व्हायचे असतात, म्हणून ते कडेला. लांब नेलात की निळे किरण एकमेकांना ओलांडून परत पसरलेले असतात, म्हणून कडेला निळं.

तिला म्हणावं, टॉर्चवर आधी लाल जिलेटीन कागद लाव, मग निळा, आणि बेसेलच्या पद्धतीने दोन्ही वेळा मोज. निळ्याला आकडा किंचित कमी यायला हवा. किती येतो ते इथे लिहायला सांगा.

खाडीकाठ

जिलेटीन कागद दापोलीला मिळतो का, ते विचारतेय ती.

मालवणी बाणा

मिठायच्या खोक्यावरचो रंगीत कागद बघा. घरातच गावतलो.